कोंडशेतची कड्याची वाट

आमच्या धावण्याच्या गटात चौदा जण आहेत. बँकेतले, दवाखान्यातले, दोघं निवृत्त झालेले. या हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून तीन दिवस कोकणात धावायला जायचं ठरलं. वाटा आधी बघून यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत भूगोल शिकवते आणि नकाशा हातात आला की मला दुसरं काही सुचत नाही. मी जाऊन आले, वाटा मोजूनही आणल्या. पण अजून त्या कुणाला पाठवलेल्या नाहीत. गटातल्या कुणी विचारलं तर गुडघा दुखतोय, जरा थांबा, असं सांगते. गुडघ्याला काही झालेलं नाही. काय झालं ते आता लिहिते.

कोंडशेत, शुक्रवार

अलिबागहून मुरूडची एसटी धरली. नागावच्या वाड्यांतून, मग रेवदंड्याचा पूल ओलांडून ती काशीदला येते. तिथे समुद्राकडे पाठ करून रिक्षा डोंगराकडे वळली आणि वीस मिनिटांत किनारा, सुरूची झाडं, उंटावर बसलेली पर्यटक मंडळी सगळं मागे राहिलं. कोंडशेत हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. तीस-चाळीस घरं, एक मशीद, एक मारुतीचं देऊळ, आणि भात काढून झालेल्या शेतांत हिरवागार वाल.

मी उतरले ते नसरीनच्या घरी. तिच्या घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत; आमचा गट येणार आहे हे मी तिला आधीच सांगितलं होतं. नसरीन चाळिशीच्या आतली, बोलायला चटपटीत. नवरा इम्तियाज कतारला एसीच्या दुरुस्तीचं काम करतो आणि वर्षातून एकदा महिनाभर येतो. घरात ती आणि तिचे सासरे, दोघंच.

सासरे पडवीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पँट, पायात पॉलिश केलेले बूट, जसं कुणी आत्ता बोलवायला येणार आहे. गाव त्यांना हसनचाचा म्हणायचं. तीस वर्षं ते जहाजावर इंजिनखोलीत होते.

"अब्बांना हल्ली विसरायला होतं," नसरीन मला आत नेताना म्हणाली. "दोन-तीनदा तेच विचारतील. रागावू नका हां ताई."

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि नारळ घातलेली वालाची उसळ होती. आमच्याकडे ताटात एवढा नारळ फक्त सणाला दिसतो. हसनचाचा माझ्यासमोर बसून सावकाश जेवत होते.

"कुठल्या तुम्ही?"

"पुण्याची."

"पुण्याला बंदर कुठलं?"

"पुण्याला बंदर नाही, चाचा."

त्यांनी घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. "मग माणसं जातात कशी?"

नसरीन हसली, मी हसले, तेही हसले. जेवण होईपर्यंत त्यांनी हे आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदाही मला हसू आलं. तिसऱ्यांदा मी नुसतीच मान हलवली.

तळ्याची वाट आणि कडा, शनिवार

उजाडता उजाडता निघाले. नसरीन दारात आली. "खाल्ल्याबिगर कुठं धावता? चक्कर येऊन पडाल." मी घरी उपाशीपोटीच धावते, असं सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिने माझ्या मुठीत दोन खजूर कोंबले.

गावाबाहेर चढ लागतो. दीड किलोमीटर चढलं की एक म्हातारा आंबा आहे आणि त्याच्याखाली तिठा. एक वाट खाली गावात जाते, तिच्यावरूनच मी आले होते. दुसरी उजवीकडे जंगलात शिरते. तिसरी डावीकडे, पश्चिमेला, उघड्या माळावरून जाते.

मी आधी जंगलातली घेतली. ऐन आणि किंजळ इतके दाट की ऊन जमिनीपर्यंत येत नव्हतं. झाडांवरून मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली लोंबत होत्या. पायाखाली पानांचा थर असा की आपलीच पावलं ऐकू येत नाहीत. एक शेकरू डोक्यावरून या झाडावरून त्या झाडावर गेलं, फांदी हलली, मी वर बघितलं आणि दगडाला अडखळून सपशेल आडवी झाले. तळहात सोलवटला. जवळच तळं होतं, त्यात हात धुतला. पाणी इतकं गार की दुखायचं थांबलं. इथून मागे फिरायचं, असं नकाशावर लिहून घेतलं. नवख्यांसाठी चांगली वाट.

परत तिठ्यावर आल्यावर पश्चिमेकडची वाटही बघून घेतली. ती जेमतेम आठशे मीटर आहे. वाळलेल्या गवतातून सपाट, पळायला फार सोपी. आणि मग एकदम संपते. समोर कडा, खाली करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली घळ, आणि घळीच्या पलीकडे सगळा समुद्र. काशीदची वाळू पांढऱ्या पट्टीसारखी दिसते. मी तिथे दहा मिनिटं उभी राहिले, फोटो काढले. कड्याच्या टोकाचा मुरूम पायाखालून सुटत होता. वहीत लिहिलं, 'गटाला इथे आणायचं, पण शेवटचे वीस मीटर चालत. धोका.' ही वही माझ्याकडे आहे. अक्षर माझंच आहे.

संध्याकाळी शेजारच्या गोपाळकाकांनी पोपटीला बोलावलं. सत्तरीचा काटक माणूस. भात आणि वाल करतो. हसनचाचांचा लहानपणापासूनचा दोस्त. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी रचली, मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला. शेंगा उघडताना बोटं भाजत होती. हुरडा मला माहीत आहे, पण या पाल्याचा कडवट वास त्याला नाही. हसनचाचा गोपाळकाकांच्या शेजारी बसून त्यांनी सोललेले दाणे खात होते.

"हा जहाजावरनं सुटून लाँचनं आला की गावात पयला माझ्याकडं यायचा," गोपाळकाका म्हणाले. "आता मला वळखतो, पण नाव इचारतो. मी सांगतो. त्याला काय पैसं पडत न्हायत."

जंगलाचा वळसा, रविवार

मोजायची राहिलेली वाट सगळ्यात मोठी. तिठ्यावरून जंगलात शिरायचं, तळं मागे टाकून डोंगराच्या पाठीवरून वळसा घ्यायचा आणि पुन्हा तिठ्यावर यायचं. घरापासून घरापर्यंत बारा किलोमीटर. मला ती एक तास वीस मिनिटांत करायची होती. त्यामागे काही कारण नव्हतं. चाळिशी उलटल्यावर मला आकड्यांची फार ओढ लागली आहे, एवढंच.

फार सुंदर वाट आहे ती. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू. धुकं खालच्या खोऱ्यात साठलं होतं आणि मी त्याच्यावरून धावत होते. एक भेकर समोर थबकलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली उडी मारून गेलं. शेवटच्या उताराला लागले तेव्हा घड्याळात माझ्याकडे मिनिटभर शिल्लक होतं.

तिठ्यावर, आंब्याखाली, हसनचाचा उभे होते.

पांढरा शर्ट, बूट, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. चढ चढून आल्यामुळे धापा टाकत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा.

"बाई, लाँचच्या धक्क्याला कुठनं जायचं?"

मी थांबले नाही. पावलं कमी केली, तेवढंच. डोक्यात होतं की हे रोज फिरतात, गाव त्यांचंच आहे, मी कोण सांगणार. आणि घड्याळही डोक्यात होतं. मी हात लांब करून पश्चिमेकडे बोट दाखवलं.

"समुद्र तिकडे, चाचा."

"मेहेरबानी," ते म्हणाले.

मी उतारावरून गावात गेले. मी त्यांच्याच घरी चालले होते. त्यांना म्हणायला हवं होतं, चला माझ्याबरोबर. पण मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

एक तास एकोणीस मिनिटं लागली.

आंघोळ केली, नारळाच्या रसाबरोबर घावन खाल्ले, वहीत उंचसखलपणाचे आकडे लिहिले आणि झोपले. अकराच्या सुमाराला नसरीनने दार वाजवलं.

"ताई, अब्बा दिसले का तुम्हाला कुठं? मशिदीकडं जातात रोज, तासाभरात येतात. गोपाळकाकांकडंपण न्हायत."

"वर दिसले होते," मी म्हणाले. "आंब्यापाशी."

ती तिथूनच डोंगराकडे वळली. "वर? वर कशाला गेले? वर ते कधीच जात न्हायत."

अर्ध्या तासात गावातली पंचवीस माणसं तिठ्यावर जमली. मशिदीतून आलेली, देवळाच्या कट्ट्यावरून उठून आलेली. गोपाळकाकांनी मला विचारलं, "कुठल्या वाटेनं गेला?"

मी कड्याची वाट दाखवली.

"जाताना बघितलंत तुम्ही?"

"हो," मी म्हणाले.

बघितलं नव्हतं. पण मग मला कसं माहीत, ते सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी मी त्या डोंगरात जितकी धावले तितकी कधी धावलेली नाही. कड्यापर्यंत, कड्याच्या बाजूने, जंगलाच्या कडेने, परत. माणसं हाका मारत होती, "हसन! ओ हसनचाचा!" घळीतून हाक परत यायची. कड्याच्या टोकाला गवत दबलेलं होतं, पण ते काल मीच दबवलेलं असू शकत होतं. घळ इतकी दाट की वरून काही दिसत नव्हतं. खाली उतरायला काशीदच्या बाजूने लांबचा फेरा घ्यावा लागतो. तो घेऊन माणसं पोचली तोवर सूर्य पाण्याला टेकला होता. गोपाळकाकांनी सगळ्यांना मागे फिरवलं. त्या जाळ्यांत अंधारात आणखी कुणी पडलं असतं.

नसरीनने इम्तियाजला फोन केला तेव्हा मी पडवीत होते. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही या." पलीकडून तो काहीतरी विचारत राहिला आणि ती तेच म्हणत राहिली.

घळ, सोमवार

सकाळी गोपाळकाकांनाच ते सापडले. कड्याच्या तळाशी, करवंदीच्या जाळीत. एक बूट पायात, एक नाही. कागदांची पिशवी हातातून सुटली नव्हती. तिच्यात त्यांचं जहाजाचं जुनं नोकरीचं पुस्तक होतं आणि एक धुतलेला टॉवेल.

मी घळीत उतरले नव्हते. वर कड्यापासून लांब बसून राहिले होते. खालून गोपाळकाकांचा आवाज आला. त्यांनी हाक नाही मारली. ते नुसते मोठ्याने रडले, आणि वरच्या सगळ्यांना कळलं.

पोलीस आले, पंचनामा झाला. मला विचारलं, शेवटचं तुम्ही पाहिलं ना? मी सांगितलं, आंब्यापाशी, साधारण आठला, एकटे होते. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. शवविच्छेदन होऊन मुरूडहून देह परत आला आणि दिवस मावळायच्या आत दफन झालं. बायका घरातच थांबल्या. मीही त्यांच्यात बसले. आमच्याकडे अशा वेळी चूल बंद असते आणि शेजारून जेवण येतं. इथेही तसंच. गोपाळकाकांच्या बायकोने पिठलं आणि भाकऱ्या आणल्या.

मी त्याच दिवशी निघू शकले असते. दुपारी साडेतीनची एसटी होती. बॅग भरलेली होती.

मग मी ते ऐकलं. श्रीवर्धनहून नसरीनची मोठी नणंद आणि चुलतसासू आल्या होत्या. त्या मागच्या दारी बसल्या होत्या आणि त्यांना बहुतेक वाटलं, ही पुण्याची बाई आपल्यातली नाही, तिच्यासमोर बोललं तरी चालेल.

"म्हातारा माणूस घरातनं निघून जातो आणि हिला अकरा वाजेस्तोवर पत्ता न्हाय."

"पाहुण्यांचे घावन घालत होती ना. मग सासऱ्याकडं कशाला बघेल?"

नसरीन तिथून दहा पावलांवर भांडी घासत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिने मान वर केली नाही. ते घावन माझे होते.

मी बॅग परत खोलीत ठेवली.

पडवी, मंगळवार

इम्तियाज दुपारी पोचला. मुंबईला उतरून तिथून गाडीने. उंच, थकलेला, दाढी वाढलेली. आधी कबरस्तानात गेला, मग घरी आला. हात धुऊन पडवीत बसला. घरातले सगळे भोवती होते, नणंद, चुलतसासू, गोपाळकाका, मशिदीतले दोघं. नसरीन दाराच्या चौकटीला टेकून उभी.

त्याची बहीण रडत म्हणाली, "कुणाचं लक्ष असतं तर आज अब्बा असते."

इम्तियाजने नसरीनकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मी उठून उभी राहिले.

"मला सांगायचंय," मी म्हणाले. "त्यांना ती वाट मी दाखवली."

सगळे माझ्याकडे वळले.

मी सगळं सांगितलं. ते आंब्याखाली उभे होते, त्यांनी लाँचच्या धक्क्याची वाट विचारली, मी धावत होते, मी कड्याकडे बोट दाखवलं. पुढे कडा आहे हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी तिथे उभी राहिले होते. त्यांना विसरायला होतं हेही नसरीनने मला सांगितलेलं होतं. मी वळून बघितलं नाही. त्यांना जाताना बघितलं, असं गोपाळकाकांना खोटं सांगितलं आणि पोलिसांना हे सांगितलं नाही.

"किती वेळ थांबलात?" इम्तियाजने विचारलं.

"थांबले नाही."

"एक मिनिट?"

"नाही."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची बहीण काहीतरी म्हणायला लागली. गोपाळकाकांनी हात वर करून तिला गप्प केलं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बोलली ती नसरीन. दारातूनच, हळू आवाजात.

"मला रोज इचारायचे. रोज सकाळी. नसरीन, लाँचच्या धक्क्याला कुठनं जायचं? मी सांगायचे, अब्बा, लाँच आज एक तास उशिरा हाय, चहा घेऊन जावा. ते बसायचे. चहा घ्यायचे. मग इसरायचे. गावात सगळ्यांना ठाऊक हाय. कुणालापण इचारलं तरी सगळे हेच सांगतात. तुम्हाला सांगायचं राहिलं माझं."

"तुझं नाही राहिलं," मी म्हणाले.

"माझंपण राहिलं," ती म्हणाली आणि आत गेली.

चुलतसासू उठून तिच्या मागे गेली. आतून दोघींच्या रडण्याचा आवाज आला.

मी गोपाळकाकांबरोबर पोलिसांकडे जाऊन जबाब पुन्हा दिला. तिथल्या साहेबांनी तो वाचला, वर बघितलं आणि म्हणाले, वाट दाखवणं काही गुन्हा नाही मॅडम. त्यांनी माझी सही घेतली. मी त्यांच्याकडून आणखी काहीतरी ऐकायला उभी होते, पण त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

काशीदचा थांबा, बुधवार

सकाळी मी रिक्षाला फोन करत होते तर इम्तियाज स्कूटर घेऊन दारात उभा. "बसा," एवढंच म्हणाला. नसरीन बाहेर आली नाही. तिच्या खिडकीचा पडदा हलला. मी हात जोडले. तिला दिसले की नाही, ठाऊक नाही.

स्कूटर गावाबाहेर पडली. डावीकडे वालाची शेतं गेली. गोपाळकाका शेतात शेंगा तोडत होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि परत कामाला लागले.

काशीदच्या थांब्यावर गाडीला पंधरा मिनिटं होती. समोर समुद्र स्वच्छ होता. कुणी घोड्यावर बसत होतं, कुणी शहाळं पीत होतं. इम्तियाज स्कूटर लावून माझ्या शेजारी उभा राहिला. मला वाटलं तो जाईल, पण गेला नाही.

"तुम्ही बोललात म्हणून नसरीनवरचा ठपका गेला," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "न्हायतर जन्मभर तिला ऐकावं लागलं असतं. माझ्याकडनंपण. मी काल तिच्याकडे बघितलं ना, ते तिनं ओळखलं."

मी बॅग पायाजवळ ठेवली.

"तुमच्या लोकांना घेऊन यायचंय तर या. डोंगर काय आमच्या एकट्याचा न्हाय. गावात दुसरी घरं हायत, ते ठेवतील." त्याने किल्ली खिशात टाकली. "आमच्याकडं नका उतरू, ताई."

"नाही उतरणार."

एसटी आली. गर्दी होती. त्याने माझी बॅग उचलली, दारातल्या माणसांना बाजूला करून आत चढला, वरच्या फळीवर ती नीट सरकवली, खिडकीजवळच्या एका आजींना म्हणाला, "यांना जागा द्या जरा, लांब जायचंय," आणि माझ्याकडे न बघता खाली उतरला.